फुकटच्या पॅकेजचे ६५,५०० रुपये घेतले

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. २२ वर्षांचा धंदा. बोगस बियाण्याची पिशवी मी शिलाईवरून ओळखतो, पण सर्व्हरच्या आतलं मला कोण सांगणार होतं?

दुकान आणि गोदाम मिळून एक सर्व्हर, म्हणजे सगळा हिशेब ठेवणारा कॉम्प्युटर. तो चालतो उबुंटूवर, म्हणजे विंडोजसारख्याच एका प्रणालीवर. त्यावर मारियाडीबी हा डेटा साठवणारा प्रोग्रॅम, आणि त्यात ४१२ शेतकऱ्यांची उधारी. जून २०२३ मध्ये नागपूरहून आलेल्या माणसाने हे बसवलं. मजुरी वेगळी, आणि ‘पॅकेजचं लायसन’ म्हणून १८,५०० रुपये वर. पुढच्या जूनमध्ये ‘रिन्यूअल’ १२,०००.

तिथंच कळायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशी मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो. त्याने सुडो आप्ट इन्स्टॉल टाइप केलं. आप्ट म्हणजे उबुंटूवर प्रोग्रॅमची पॅकेजं बसवणारी-काढणारी कमांड, आणि सुडो म्हणजे ती पूर्ण अधिकाराने चालवणं. इतके एमबी उतरवायचे, पुढे जायचं का, एवढंच स्क्रीनने विचारलं. त्याने वाय दाबलं. कुठे लायसनचा नंबर टाकला नाही, पैशाचं एक अक्षर आलं नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्यासाठी चहा सांगितला! उबुंटू फुकट, मारियाडीबी फुकट. बसवायची मजुरी घ्या, ती हक्काची आहे. लायसन कशाचं?

२०२५ ला मी रिन्यूअल नाकारलं. १३ जूनला सकाळी बिलिंग उघडेना. मृग लागलेला, दारात बियाण्यासाठी रांग. फोन केला तर म्हणतो, “भाऊ, लायसन संपलं म्हणून कंपनीनं पॅकेज काढलं, डेटा गेला. रिकव्हरीचे ३५,००० लागतील, तीन तासांचं काम आहे.” उधारीची वही बुडाली तर मी शेतकऱ्याला काय दाखवणार? पाठवले. माझ्या जागी कोणीही पाठवले असते.

दिवाळीत भाच्याने आप्टचे जुने हिस्टरी लॉग, म्हणजे कधी काय बसवलं-काढलं याच्या नोंदी, उघडल्या. १२ जून, रात्री ११:४२, रिमूव्ह, खाली त्याच्याच युजरचं नाव. दुसऱ्या दिवशी इन्स्टॉल, सुरुवात आणि शेवट यात ४० सेकंद. नुसतं रिमूव्ह केलं की प्रोग्रॅम जातो, डेटाबेसचं फोल्डर जागेवरच राहतं. पर्ज केलं तर सेटिंगही जातात आणि डेटा पुसायचा का ते विचारतं. म्हणजे माझी उधारी एक क्षणही कुठं गेली नव्हती. हे लॉग दर महिन्याला बाजूला पडतात आणि जुने झाले की पुसले जातात, म्हणून कॉपी आजच काढा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात म्हणे, “पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक काहून?” दुसऱ्यांदा म्हणे, उबुंटूच्या कंपनीचं पत्र आणा. तिसऱ्यांदा लॉगचे छापील कागद नेले, ते हातातही घेतले नाहीत, “इंग्रजी कोण वाचते हे?” चौथ्यांदा साहेब बंदोबस्तावर. दरवेळी दुकान बंद ठेवून गेलो. चोराने निदान फोन तरी उचलला होता!

बसवणाऱ्याचा युजर काम झालं की बंद करा. सुडोचा अधिकार बाहेरच्या माणसाकडे ठेवू नका. लायसन म्हटलं की जीएसटी नंबर असलेलं बिल मागा, माझ्याकडच्या पावतीवर तो नव्हताच. उधारीची कॉपी रोज वेगळ्या डिस्कवर घ्या.

परवा पांढरकवड्याकडच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याच माणसाने त्याला १५,००० चं रिन्यूअल मागितलंय, सोमवारपर्यंत. मी म्हटलं, दादा, आधी पासवर्ड बदल, मग त्याचा फोन उचल.