परदेशी निघालेल्या खेळाडूंसाठी पणजीतली सीए सेवा: आधी तारीख, मग गुंतवणूक

पणजीतल्या एका सीए कार्यालयाच्या या सेवेचे वेगळेपण पहिल्याच बैठकीत कळते. म्युच्युअल फंडाचे पत्रक कोणी पुढे करत नाही. आधी दोनच प्रश्न विचारतात: विमान कोणत्या तारखेचे आणि लग्न झाले आहे का? गोव्याच्या खेळाडूचा निम्मा हिशेब या दोन उत्तरांत असतो.

युरोपातले क्लब खेळाडू घेतात उन्हाळ्यात किंवा जानेवारीत. आपले आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल, तर करासाठी अनिवासी ठरतो. २० ऑगस्टला निघालेल्याचे १४२ दिवस होतात, म्हणजे तो सुटला. जानेवारीत निघालेल्याचे डिसेंबरअखेरच २७५ भरलेले असतात. त्याचा मार्चपर्यंतचा परदेशी पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. तिथे भरलेल्या कराची सवलत मिळते, पण करार ‘नेट’ पगाराचा असेल तर कर क्लब भरतो आणि त्याचा दाखला खेळाडूच्या हाती नसतो. तो देण्याची अट करारातच घालून घ्यायला हे कार्यालय सांगते. सल्ला अगदी योग्य आहे.

ऑगस्टमध्ये गेलेलाही निर्धास्त नसतो. लिगामेंट फाटले आणि फिजिओथेरपीसाठी घरी परतला, तर मार्चपर्यंत हाताशी उरतात ३९ दिवस. चाळिसावा भरला की निवासी. इथे प्रत्येकाला दिवसांचा तक्ता करून देतात आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवतात.

लग्नाचा प्रश्न तर खास गोव्याचा. इथल्या नागरी संहितेखालच्या पती-पत्नीचे पगाराखेरीजचे उत्पन्न करासाठी निम्मे-निम्मे धरले जाते. १९६१च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ५ए म्हणून ओळखली जाते. क्लबचा पगार खेळाडूचा एकट्याचा, पण घरभाडे, एनआरओ खात्यावरचे (अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाचे खाते) व्याज आणि बुटांच्या जाहिरातीचे पैसे दोघांचे. बँक मात्र व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस सगळा त्याच्याच पॅनवर कापते. बायको मडगावात राहून अर्धे व्याज दाखवते, तर अर्ध्या टीडीएसचे श्रेयही तिच्या विवरणपत्रात जायला हवे. आकडे जुळले नाहीत की नोटीस येते. गोव्याबाहेरच्या सल्लागारांकडून हे हमखास सुटते. इथे दोन्ही विवरणपत्रे एकत्रच तयार होतात.

बँकेचे काम नेटके आहे. बचत खाते एनआरओ करायचे, परदेशी पगारासाठी एनआरई उघडायचे, पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवायचे, पुढे वाढवता येत नाही. जानेवारीत गेलेला माणूस बँकेच्या लेखी लगेच अनिवासी आणि आयकराच्या लेखी मार्चपर्यंत निवासी असतो, हेही नीट समजावतात. मुखत्यारपत्रावर पत्नीचीही सही घेतात, कारण घर विकताना तिची संमती लागतेच. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचे असते. त्याची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

मोठी उणीव आहे पोर्तुगीज पासपोर्टची. जन्माची नोंद लिस्बनला करून नागरिकत्व घेणारे तरुण गोव्यात थोडे नाहीत, आणि हे कार्यालय तो विषय व्हिसा एजंटावर सोडून देते. भारताकडून खेळण्याचा हक्क जातो आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या) कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण नोकरीसाठी जाताना मिळणारी १८२ दिवसांची मुभाही फक्त भारतीय नागरिकालाच आहे. आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे राहिलेल्या पोर्तुगीज नागरिकाला निवासी ठरायला ६० दिवसच पुरतात. म्हणजे तोच २० ऑगस्ट, तेच १४२ दिवस, आणि हा खेळाडू निवासी. तारखेबाबत एवढे काटेकोर असलेल्यांनी हा प्रश्न पहिल्या बैठकीतच विचारायला हवा.

परदेशातल्या विवरणपत्राची जबाबदारीही ते घेत नाहीत. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, पोर्तुगालचे १ जानेवारीला. तिथला लेखापाल आपला आपण शोधावा लागतो. त्याला दिवसांचा तक्ता आणि पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून पाठवत राहावे. आणि पणजीला जायचे ते कराराचा मसुदा हातात असताना, सही होण्याआधी.