जांभळा ग्रो लाइट की पांढरा? घरात भाजी घेताना आलेला अनुभव

पुण्यात पहिल्या मजल्यावर राहतो. बाल्कनी उत्तरेला, समोर उंच इमारत. थेट ऊन म्हणाल तर मे-जूनमध्ये थोडंफार, तेही कठड्यापुरतं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून घरातल्या रॅकवरच दिवे लावून मेथी, कोथिंबीर, पालक आणि लेट्यूस घेतोय. वरच्या खणात लाल-निळ्या एलईडींचा जांभळा पॅनेल, खालच्यात ४००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळसरही नाही आणि फार निळसरही नाही असा पांढरा. वीज मोजायच्या प्लगवर दोन्ही ४० वॅटच्या आसपासच दाखवतात. जांभळ्याच्या खोक्यावर १००० वॅट छापलंय, ते तुम्ही वाचू नका.

जांभळा घेण्यामागचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं, हिरवा फारसा घेत नाही. मग हिरव्यावर वीज कशाला जाळायची? पण हे दाखवणारा आलेख पानातून काढून द्रावणात घेतलेल्या हरितद्रव्याचा असतो. अख्ख्या पानाचं गणित वेगळं. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये वेगवेगळ्या पिकांच्या पानांवर एकेक रंग टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल सर्वांत पुढे निघाला, पण हिरवाही निळ्याच्या फार मागे नव्हता. हिरवा प्रकाश पानात इकडेतिकडे विखुरतो, आतल्या थरांपर्यंत पोचतो आणि उरलेला खालच्या पानांना मिळतो. दाट पेरलेल्या मेथीत हे महत्त्वाचं आहे.

माझ्या रॅकवर दोन्ही खणांतली मेथी जवळपास सारखीच निघाली, जुडीत फरक सांगता येणार नाही. फरक दिसला तो झाडाच्या ठेवणीत. जांभळ्या पॅनेलला लाल आणि निळ्याची बटणं वेगळी आहेत, म्हणून एक ट्रे नुसत्या लालवर ठेवून पाहिला. मेथी लांबच लांब वाढली, देठ दोऱ्यासारखे, पाणी घातलं की लोळायची. लेट्यूसची पानं फिकट आणि लुळी. त्याच ट्रेला निळा जोडल्यावर नवी पानं आखूड देठाची आणि जाड आली, लाल जातीच्या लेट्यूसला कडेने रंगही चढला. निळा प्रकाश झाडाला अन्नाइतकाच इशारा म्हणूनही लागतो: खोडाची लांबी आवरते, पर्णरंध्रं उघडतात. फक्त तो महाग पडतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनमध्ये (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण) ६६० वाल्या लालच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते, पण झाडाच्या लेखी हिशोब फोटॉनच्या संख्येचा. वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून कारखानदार लाल भरपूर आणि निळा थोडा ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

मग जांभळ्याबद्दल तक्रार काय? त्याच्याखाली भाजी दिसत नाही. पालक पिवळा पडला तरी काळपटच वाटतो, मावा पडलेला कळत नाही, रोज दिवा बंद करून टॉर्चने बघावं लागतं. अंतराळ स्थानकावरच्या नासाच्या ‘व्हेजी’ या लागवडीच्या पेटीत लाल-निळ्यासोबत हिरवे एलईडीही आहेत, ते झाडं नैसर्गिक रंगात दिसावीत म्हणून. घरात तर हे आणखीच लागतं. शिवाय समोरच्या काकू नोव्हेंबरमध्ये विचारत्या झाल्या, “अहो, गणपती उठले कधीच, तुमचं डेकोरेशन अजून चालूच?”

रंगापेक्षा जास्त फरक पडला तो दिवा खाली आणल्याने. पांढऱ्याखाली मोबाइलच्या लक्स ॲपवर पानाजवळ १०,००० लक्सच्या आसपास आकडा येतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की मायक्रोमोल मिळतात, म्हणजे दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणाऱ्या फोटॉनचं माप; इथे १४० च्या घरात. चौदा तास दिवा ठेवला तर दिवसाचे ७ मोल. मेथी-पालकाचं एवढ्यावर भागतं, लेट्यूस चांगला भरायला १२ ते १७ हवेत. म्हणून लेट्यूसवरचा दिवा आता बराच खाली बांधलाय. जांभळ्यावर हे ॲप चालत नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने असतात आणि डोळा हिरव्याला धार्जिणा. टोमॅटोच्या नादी मात्र लागू नका, त्याला दिवसाला २० ते ३० मोल लागतात. कोथिंबीर सोळा तासांवर ठेवली की लवकर फुलावर येते, तिला बारा पुरे.

विजेचं बोलायचं तर ४० वॅट, चौदा तास, म्हणजे महिन्याला एका खणाचे १७ युनिट. या हिशोबात मेथी मंडईपेक्षा स्वस्त पडत नाही. लेट्यूस आणि बेसिल पडतात. दुसरा पॅनेल घ्यायची वेळ आली तर पांढराच घेईन, त्यातही ज्यात ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल दाणे बसवलेत तो. जांभळा सध्या रोपं काढायच्या ट्रेवर टांगलाय, पडदा ओढून.