नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या टायपिंगच्या दुकानात केडीई प्लाझ्मा: सात महिन्यांनंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि आमच्या दोन्ही जुन्या मशीन विंडोज ११ घेईनात. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देणं हा आमचा धंदा. दोन नवी मशीन परवडणारी नव्हती. विंडोजऐवजी डेबियन १३ ही लिनक्सची मोफत प्रणाली टाकली, त्यावर केडीई या स्वयंसेवी समूहाचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप.

मराठी टायपिंगची धास्ती होती. पण इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट सेटिंगमध्येच मिळाला, आणि बायकोचा हात त्यावर बसलेला असल्याने पहिल्याच दिवशी कामं निघाली. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधले नमुने मात्र पुन्हा टाइप करावे लागले. हा प्लाझ्माचा दोष नाही.

खरी अडचण स्कॅनिंगची. वापरतो तो छोटा प्रोग्राम वेगळ्याच कुणी हौसेने लिहिलेला आहे. तो लीगल साइज लक्षातच ठेवत नाही, दर वेळी ए-फोरवर येतो. आमचा निम्मा कागद लीगल. डिसेंबरमध्ये तक्रार नोंदवली. दोन दिवसांत उत्तर आलं: चूक खरी आहे, पण सध्या मी दुसऱ्या भागावर काम करतोय. मला राग आला. वापरणाऱ्यांची गरज आधी, असं सगळ्यांनी मिळून ठरवायला काय हरकत आहे?

मग केडीईमध्ये हे कसं चालतं ते वाचलं. २०१७ पासून तिथे दर दोन-तीन वर्षांनी मतदानाने तीन सामाईक उद्दिष्टं ठरतात. २०१९ मध्ये वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी व्यवस्था, त्यात होतं. प्लाझ्मा मुळापासून त्यावर आणायला वर्षं लागली आणि फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये वेलँड डीफॉल्ट झालं. २०२४ च्या उद्दिष्टांत कीबोर्ड, टॅबलेट, इनपुट मेथड आले, म्हणजे थेट आमच्या पोटापाण्याचा विषय. पण मतदान कुणाला कामाला जुंपत नाही. डेबियन प्रकल्पाच्या लेखी घटनेत तर स्पष्टच आहे: प्रकल्पासाठी काम करायची सक्ती कुणावर नाही, फक्त रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात काम करायचं नाही.

मला सर्वांत पटलं ते केडीईच्याच ओक्युलर या प्रोग्रामचं उदाहरण. आम्ही पीडीएफ त्यातच उघडतो. कमी ऊर्जेच्या निकषांवर त्याला जर्मनीचं 'ब्लू एंजल' मानचिन्ह २०२२ च्या सुरुवातीला मिळालं, आणि पर्यावरणपूरक सॉफ्टवेअर हे केडीईचं उद्दिष्ट निवडलं गेलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आधी काहीजण आपल्या ओढीने कामाला लागले होते, सगळ्यांनी तो विषय नंतर उचलला. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे जमिनीत पुरलेले रंगाचे जुने हौद, उघडतात तेव्हाही असंच. दिवस ठरलेला असतो, पण माती उपसायला जो येतो तो आपणहून येतो, आणि हुकूम सोडला तर पुढच्या वर्षी येणार नाही.

तरी एक म्हणणं आहे. जे होणार नाही ते वापरणाऱ्याला लगेच सांगावं. स्कॅनिंगचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या त्या मेंटेनरने दोन दिवसांत सांगितलं, याचं मोल मला उशिरा कळलं.

एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीने पॅच, म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती करणारा कोड, लिहून पाठवला. मेंटेनरने दोन दुरुस्त्या सुचवल्या, नीट समजावून, आणि पॅच घेतला. डेबियन १३ मध्ये प्रोग्रामची नवी आवृत्ती लगेच येत नाही, म्हणून काउंटरवर अजून हातानेच लीगल निवडतो. भाचीने आता दुसरी तक्रार उघडली आहे, तिच्या आवडीची.