कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस: १४२८५७ टाकून बघितला

भाचा डिप्लोमाला लागला म्हणून डहाणू स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून हा कॅल्क्युलेटर घेतला. इंटिग्रेशन, मॅट्रिक्स वगैरे सगळं नीट चालतं, त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मला बोलायचंय ते फॅक्ट ह्या, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडायच्या सोयीबद्दल, कारण मला आकड्यांचं लय वेड.

आकडा टाकायचा, बरोबर दाबायचं, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण, झाले मूळ अवयव! १४२८५७ टाकला तर ३ चा घन × ११ × १३ × ३७ आलं. मग ९९९९९९ टाका, तेच सगळं येतं फक्त मधे एक ७ वाढतो, म्हणजे १४२८५७ गुणिले ७ बरोबर ९९९९९९, आणि २ ते ६ नी गुणलं तर तेच सहा आकडे गोल फिरतात, २८५७१४, ४२८५७१ असे. पोरांना हे स्क्रीनवर दाखवा, खरंच खूश होतात.

हाच आकडा कापरेकर संख्या पण आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकर आपल्या डहाणूचे, जन्म १९०५ चा, देवळालीला शाळेत शिकवायचे आणि हे सगळं कागदावर करायचे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, त्याचे दोन तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज परत १४२८५७! पण इथे अडचण अशी की स्क्रीनवर दहाच आकडे मावतात आणि हा वर्ग अकरा आकडी, त्यामुळे २.०४०८१२२४५ गुणिले दहाचा दहावा घात असं दिसतं, शेवटचं ४९ गायब. त्यावर उपाय आहे, वर्गातून २ वर दहा शून्यं एवढे वजा करा, ४०८१२२४४९ पूर्ण दिसतं कारण आत मशीन जास्त आकडे धरून ठेवतं. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने पूर्ण भाग जातो, ५२९१ वेळा, म्हणजे हर्षद संख्या पण हीच, हर्षद हे नावही कापरेकरांनीच दिलेलं.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी समजून घ्या. फॅक्ट तीन आकडी मूळ संख्यांपर्यंतच शोधतं. ४२९४९६७२९७ टाकला तर ६४१ × आणि पुढे कंसात ६७००४१७ येतं. कंस म्हणजे "ह्याच्या पुढे मला सांगता येत नाही", मूळ आहे असं नाही आणि नाही असंही नाही. हा ६४१ ऑयलर ह्या गणितज्ञाने १७३२ साली हाताने काढला, त्याच्या आधीच्या फर्मा ह्या गणितज्ञाला ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ वाटलेली. २१४७४८३६४७ तर अख्खाच कंसात येतो, ती मूळ आहे हे पण ऑयलरनेच १७७२ ला सिद्ध केलं. चार आकडी पहिली मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१, त्याच्या खाली उरलेला आकडा असेल तर मशीन खात्रीने सांगतं, वर गेलं की कंस.

सोलर आणि बटण सेल दोन्ही आहे, त्यामुळे पावसाळ्यात लाईट गेली तरी कंदिलाजवळ बसून चालतो. पाच पैकी साडेचार. दहा आकड्यांच्या पुढचे अवयव हवे असतील तर कॉम्प्युटरच लागेल.