दांडीची सासू-सुनेची खानावळ, मालवण

जेवण उत्तम. बांगड्याच्या तिखल्याला तिरफळाचा खमंग वास, सोलकढी ताज्या नारळाच्या रसाची. भाकरी मात्र गार आली.

पण सांगायचंय ते घराबद्दल. सासू लिलावातून मासळी आणते, मुलगा चूल सांभाळतो, सून गल्ल्यावर. फ्रीजर सुनेच्या पैशांचा, तिच्याच नावावर. हे सासूनेच अभिमानाने सांगितलं. आपल्याकडे मासळी विकणारी बाई पैसे हाताळते, पण होडीच्या कागदावर तिचं नाव क्वचितच असतं.

माझी मुलगी नॉर्वेत ट्रॉम्सोला असते. तिच्याकडे सामी लोकांबद्दल कळलं, म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेकडचे रेनडिअर पाळणारे मूळनिवासी. रेनडिअरचा कळप एकत्र चरतो, पण कानाच्या कापावरून प्रत्येक जनावराचा मालक ओळखतात. बायकांची स्वतःची खूण असते, मुलांचीही. रीतीप्रमाणे लग्नानंतरही बाईची जनावरं तिचीच. स्वीडनच्या १९२८च्या कायद्याने मात्र बाईचा हक्क नवऱ्याशी बांधला. कळपाचा हक्क नसलेल्याशी लग्न केलं की तिचाही जायचा. बाहेरच्यांनी घरातली चांगली रीत मोडली, याचा मला फार राग येतो.

म्हणून या सासूबाईंचं मोल मला जास्त वाटलं. दुपारी एकच्या आत जा, नंतर सुरमई मिळत नाही.