टीव्ही चांगला, पण आधी पिक्चर साइझ नीट करा

म्हापशातल्या एका दुकानातून ४३ इंची फोरके टीव्ही घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगणारेय ते बहुतेक टीव्हींना लागू पडतं. पॅनल मस्त, आवाज ठीकठाक, रिमोट भिकार.

फिटिंगला आलेल्या पोराने झूम लावला आणि "बघा, फुल स्क्रीन" म्हणून गेला. संध्याकाळी बातम्या लावल्या तर खालची पट्टी अर्धी गायब, मॅचचा स्कोअर कोपऱ्यात कापलेला. तेव्हा पहिलं काम म्हणजे पिक्चर साइझमध्ये जाऊन झूम काढायचा, १६:९ (रुंदी १६ भाग तर उंची ९, आताच्या टीव्हीचा आकार) करायचं, आणि तिथेच जस्ट स्कॅन किंवा फिट टू स्क्रीन असं काहीतरी असतं (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, कटकटच आहे) ते ऑन करायचं. ते ऑफ असेल तर टीव्ही चित्र थोडं मोठं करून चारही कडा छाटतो, याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या पिक्चर ट्यूबच्या कडा नीट नसायच्या तेव्हाची ही सवय, एलईडीवर त्याची काही गरज नाही. लॅपटॉप जोडला की खालचा टास्कबार दिसत नाही ना, तो यामुळेच.

दुसरं दुखणं सेट टॉप बॉक्सचं. त्याचं सेटिंग वेगळं असतं. तो ४:३ वर (जुन्या टीव्हीचा चौकोनासारखा आकार) राहिला आणि टीव्ही १६:९ वर, तर एचडी चॅनलला चारही बाजूंनी काळी चौकट येते, म्हणजे ४३ इंचाचे पैसे भरून ३२ इंच बघत बसायचं. बॉक्सला १६:९ द्या, तो ताणाताणी करत नाही ना तेवढं बघा, बाकी टीव्हीवर सोडा.

आणि काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे हो! आमच्या बाबांकडे गावच्या जत्रेतल्या नाटकाचं कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घेतलेलं जुनं रेकॉर्डिंग आहे, ते ४:३ चंच. ताणून फुल केलं की सगळं एक तृतीयांश जास्त रुंद होतं, सडपातळ नायक एकदम पिंप दिसतो, तरी बाबांना पडदा भरलेला हवा. झूम केलं तर वरखाली मिळून पाव चित्र जातं, आणि नाटकात नेमके डोक्यावरचे फेटेच जातात. शेवटी ओरिजिनल लावून दिलं, बाजूला पट्ट्या राहू देत. सिनेमास्कोप म्हणजे २.३९:१ च्या सिनेमाला पट्ट्या वरखाली येतात, तिथे झूम केलं तर बाजूचं पाव चित्र आणि बऱ्याचदा सबटायटलही कापलं जातं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरतीचे (घुमट म्हणजे आमचं मातीचं वाद्य) उभे व्हिडिओ टाकले की मधे बारीक पट्टी दिसणारच, त्याला टीव्ही काय करणार, मोबाईल आडवा धरा.

एक गोष्ट मात्र आवडली, हा टीव्ही जोडलेल्या प्रत्येक गोष्टीचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतो. बॉक्स, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, एकदा लावलं की झालं. ओटीटी अ‍ॅप उघडलं की मात्र हा ऑप्शन ग्रे होतो, बदलताच येत नाही, पण तिथे अ‍ॅप स्वतःच बरोबर दाखवतं त्यामुळे तक्रार नाही. तक्रार एवढीच की रिमोटवर यासाठी बटणच नाही, दर वेळी मेनूत खोल शिरावं लागतं आणि आईला ते जमत नाही, मग पणजीत ऑफिसात असताना मला फोन येतो. पाचपैकी चार स्टार.