दिवाळी ते गणपती: डिस्चार्ज बुकातली रँक दुरुस्त करून घेण्याचा अनुभव

मागच्या दिवाळीत टाकलेला अर्ज यंदा गणपतीच्या तोंडावर मार्गी लागला. बराचसा लागला, एक काम अजून बाकी आहे, ते शेवटी सांगतो. माजी सैनिकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी एका ओळीत: डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि स्पर्श म्हणजे फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल.

मी हवालदार म्हणून पेन्शनला आलो. घरी आल्यावर काही महिन्यांनी ऑनररी (मानद) नायब सुभेदार, म्हणजे हवालदाराच्या वरच्या रँकचा, केल्याचं पत्र आलं. गावात सत्कार झाला, पत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं. डिस्चार्ज बुकात, पीपीओत आणि ईसीएचएस कार्डावर मात्र हवालदारच राहिलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघून जनरल वॉर्ड लिहिला. तिचं काही चुकलं नाही, कार्डावर जे होतं तेच तिने लिहिलं. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड आणि नायब सुभेदारापासून, ऑनररी धरून, सेमी-प्रायव्हेट असा नियमच आहे. त्याच आठवड्यात मी अर्ज लिहायला घेतला.

नुसत्या मानाचा प्रश्न असता तर कदाचित सोडूनही दिला असता. पण १ जानेवारी २००६ पासून ऑनररी नायब सुभेदाराची पेन्शन नायब सुभेदाराच्या हिशेबाने धरतात. त्याआधी महिन्याला फक्त १०० रुपये जादा मिळायचे. ओआरओपीच्या (एक रँक, एक पेन्शन) तक्त्यातही ऑनररी नायब सुभेदाराची रक्कम वेगळी दिलेली असते. १ जुलै २०१४, मग २०१९, मग २०२४, असे तक्ते बदलत गेले, आणि पीपीओवर हवालदार असलेला माणूस दर वेळी हवालदाराच्याच रकमेवर राहिला. आपल्या माघारी बायकोची फॅमिली पेन्शनही त्याच कागदावरून निघणार. माझ्यासाठी हे कारण सगळ्यात मोठं. ती एकटी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या फौजेच्या ऑफिसला, फोन लावत बसलेली मला चालणार नाही.

एक फरक आधीच समजून घ्या, कारण अनेकांचे अर्ज इथेच अडकतात. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांच्या एमएसीपीने (ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी योजना) नायब सुभेदाराची ग्रेड मिळते, रँक मिळत नाही. एमएसीपीवाल्या हवालदाराच्या बुकात हवालदार लिहिलेलं असेल तर ते बरोबर आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. ऑनररी रँकचं पत्र हातात असेल तरच ही वाट धरा.

आता या प्रक्रियेतला मुख्य दोष. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझे निम्म्याहून जास्त महिने यातच गेले. आमचं रेकॉर्ड ऑफिस राज्याबाहेर आहे, नाव घेत नाही. अर्ज पाठवला की पाच-सहा आठवड्यांनी एक पत्र येतं आणि त्यात एकच त्रुटी लिहिलेली असते. आधी म्हणाले, पीपीओची अटेस्टेड प्रत नाही. ती पाठवली. मग डिस्चार्ज बुकाचं दुसरं पान नीट दिसत नाही. ते परत झेरॉक्स करून पाठवलं. मग जोडीचा फोटो हवा, मग पॅन कार्ड. फाईल पहिल्या दिवशी उघडली तेव्हाच या चारही गोष्टी नव्हत्या. समोर बसलेल्या माणसाला त्या एकदम दिसल्या असतील. चारही एकाच पत्रात लिहायला फार तर पाच मिनिटं लागली असती. दर वेळी स्पीड पोस्टचा खर्च आपला, तालुक्याला जाऊन अटेस्टेशन करून आणायची एसटी आपली, आणि फाईल दर वेळी ढिगाच्या तळाशी. फोन लावला की, "साब, आपका केस अंडर प्रोसेस है." अंडर प्रोसेस म्हणजे नेमकं कुठल्या टेबलावर, हे कोणी सांगत नाही. नियम बदलायची गरज नाही. चौकोनात टिक मारायचा एक छापील कागद पुरे, सगळ्या त्रुटी एका फटक्यात सांगणारा. फौजेत किट इन्स्पेक्शनला आपण एकेक वस्तू चार वेगवेगळ्या दिवशी मागत नव्हतो.

होळीच्या सुमारास मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की वकील गाठा आणि आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठात जा. आज तसं सांगणार नाही. ट्रिब्युनलचा दरवाजा चांगला आहे आणि २००७ च्या कायद्याने आपल्याला मिळालेला आहे, पण तिथेही आधी खात्याकडे दाद मागितली का, हे विचारतातच. आणि माझं काम ज्याने हललं त्याला दहा रुपये लागले.

ते असं झालं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः फौजेतून आलेले आहेत. माझी फाईल चाळून ते म्हणाले, "हवालदार साहेब, तुमचा शीट रोल तुम्ही कधी बघितलाय का?" कोण बघतो? शीट रोल म्हणजे आपल्या सेवेची मूळ नोंद, ती रेकॉर्ड ऑफिसात असते, आपल्याकडे बुक असतं. त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला लावला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अकाउंट्स ऑफिसरच्या नावे, नंबर अर्जात लिहायचा आणि काउंटरफॉइल आपल्याकडे जपून ठेवायचं. मागायचं काय, तर स्वतःच्या शीट रोलची प्रमाणित प्रत, ऑनररी रँकच्या पत्राची ऑफिस कॉपी, आणि आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला काय शेरा मारला त्या नोंदींच्या प्रती. "का केलं नाही" असं विचारायचं नाही, कागद मागायचा. उत्तराची मुदत तीस दिवसांची. पानाला दोन रुपये मागितले, तेही भरले.

उत्तर मुदतीच्या आत आलं आणि पाकीट जाड होतं. ज्या ऑफिसवर मी इतके महिने चिडून होतो, त्यांनी शीट रोलचं पानन् पान स्वच्छ झेरॉक्स करून, प्रत्येकावर गोल शिक्का मारून पाठवलं होतं. भरतीच्या दिवशीची उंची, छाती, डाव्या भुवईवरची खूण, सगळं त्यात होतं. तिथे माझं मत बदललं. आपला कागद ते नीट सांभाळतात. चूक दुसरीकडे होती.

ऑनररी रँकच्या पत्राच्या ऑफिस कॉपीत माझ्या आर्मी नंबरच्या शेवटचं अक्षर चुकलं होतं. आकडे बरोबर, नाव बरोबर, शेवटचं इंग्रजी अक्षर दुसरंच. ते अक्षर नंबर तपासायलाच असतं, त्यामुळे नोंद जुळली नाही आणि माझ्या शीट रोलवर ती कधी चढलीच नाही. शीट रोलवर नाही म्हणून पेन्शनच्या बाजूला कळवलं नाही, आणि प्रयागराजच्या फौजी पेन्शन ऑफिसातून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ निघाला नाही. एका अक्षरामुळे इतकी वर्षं कमी पेन्शन! भिंतीवरच्या फ्रेममध्येही तेच चुकीचं अक्षर आहे.

म्हणून सांगतो, सगळ्यात आधी शीट रोल मागवा. बहुतेक जण थेट स्पर्शवर तक्रार टाकतात. स्पर्शवर आपली माहिती आणि पीपीओ घरबसल्या बघता येतो, ही मोठी सोय आहे. बँकेत एका प्रतीसाठी दिवस घालवणाऱ्यांना तिची किंमत कळेल. पण रँक ही रेकॉर्ड ऑफिसने मान्य करायची गोष्ट. तिथला मूळ कागद चुकलेला असेल तर वरून कितीही तक्रारी टाकल्या तरी त्या फिरून तिथेच येणार.

यानंतरचा अर्ज एका पानाचा केला. त्यात चुकीचं अक्षर, बरोबर अक्षर, पुरावा म्हणून शीट रोलचं पहिलं पान, आणि आधी मागितलेले सगळे कागद परत एकदा जोडले. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. मी ते स्वतः घेऊन गेलो. तिथल्या एका सुभेदार साहेबांनी बसवून चहा दिला, हवालदार शब्दावर लाल शाईने एक सरळ रेघ मारली, वर नवी रँक लिहिली, बाजूला अथॉरिटी पत्राचा नंबर आणि तारीख घालून सही-शिक्का केला. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, जुनं अक्षरही वाचता येतं. दुरुस्ती अशी असावी. तुमच्या बुकाचं पान लॅमिनेट केलेलं असेल तर ही सही करायला जागाच राहत नाही, म्हणून बुक लॅमिनेट करू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

कॉरिजेंडम पीपीओ त्यानंतर निघाला आणि फरक जमा होऊ लागला. थकबाकीबद्दल एक लक्षात ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार घेऊन मागचा फरक बहुतेक वेळा अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरताच देतात. म्हणजे जेवढा उशीर, तेवढं नुकसान. आमच्या भागात फरकातला टक्का मागून हे काम करून देतो म्हणणारे फिरतात. त्यांना एक रुपया देऊ नका. ते करतात ते सगळं दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरमध्ये होतं, आणि आपलं बुक दुसऱ्याच्या हातात जात नाही.

बाकी राहिलंय ते ईसीएचएस कार्ड. तिथे वर्गणीचा प्रश्न येतो. डिसेंबर २०१७ च्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत ३०,००० आणि नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आहे. फरक भरायला सांगितला तर भरणार आहे, बायकोचा दुसरा गुडघा अजून व्हायचाय. कॉरिजेंडम पीपीओ आणि दुरुस्त बुकाच्या प्रती जोडून अर्ज पॉलिक्लिनिकमध्ये दिला आहे, आणि या वेळी काउंटरवर उभं राहूनच विचारलं की अजून काय काय लागेल ते सगळं आत्ताच एका कागदावर लिहून द्या. त्या मॅडमनी लिहून दिलं.